शाळिग्राम आणि परिवार

हौसेराव माने यांनी आयुष्यात पहिल्यांदा बाईचा आवाज काढला, तो केबलवाल्याच्या आईपुढे. फोनच्या तोंडावर रुमाल धरून, गळा बारीक करून ते म्हणाले, "हॅलो, मी मिसेस शाळिग्राम बोलतेय. आमच्या बंटीचा आज वाढदिवस आहे ना, तर दुपारी तो 'एक पाट जास्त' सिनेमा लावाल का?"

पलीकडे पुतळाबाईंना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ टिकली. मग त्या म्हणाल्या, "लावते गो बाय. बंटीला सांग, मोठा हो."

दुपारी सिनेमा लागला आणि पडद्याच्या तळाशी पिवळी पट्टी सरकू लागली : 'चि. बंटी यास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. फर्माईश : शाळिग्राम आणि परिवार, सहवास सोसायटी.' हौसेरावांनी ती पट्टी पुन्हा येईपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा वाचली. त्यांना बंटीचं खरोखरच कौतुक वाटलं. एवढ्याशा वयात चांगल्या सिनेमाची पारख होती पोराला.

आता यात अडचण एवढीच होती की बंटी नव्हता, बंटीची आई नव्हती, आणि ज्या घरातून ही फर्माईश गेली म्हणायची, त्या घराला गेली कित्येक वर्षं कुलूप होतं.

वाशीत तेव्हा घरं उदंड आणि माणसं बेताची होती. मुंबईतल्या माणसाने इकडे फ्लॅट घ्यायचा, दाराला कुलूप घालायचं आणि तिकडे बसून 'आता काय भाव चाललाय' एवढं विचारत राहायचं, अशी रीत होती. सहवास सोसायटीत सहवास कुलपांचाच जास्त. तिसऱ्या मजल्यावर तर हौसेराव एकटेच. समोरच्या दारावर 'वामन शाळिग्राम' अशी पितळी पाटी होती आणि पाटीखाली नारळाएवढं कुलूप. हौसेराव जिना चढताना खोकले की वरून तोच खोकला परत यायचा. पहिल्या वर्षी त्यांना वाटायचं, वर कुणीतरी आजारी आहे.

कांदा-बटाटा मार्केटात वजनकाट्यापाशी उभं राहून त्यांची नोकरी झाली होती. दिवसभर हमालांचा, दलालांचा, ट्रकवाल्यांचा गलका. त्याला कंटाळून त्यांनी निवृत्तीची वाट पाहिली, आणि निवृत्ती आली त्याच वर्षी बायको, मालन, गेली. मुलगा नाशिकला. तो रविवारी फोन करायचा आणि विचारायचा, "बाकी काय?" त्या 'बाकी'च्या आधी काहीच बोलणं झालेलं नसायचं.

राहिला सिनेमा. 'एक पाट जास्त' हा तसा जुना, साधा सिनेमा. स्टोव्हच्या पिना विकणारा एक फिरता विक्रेता भुकेपोटी लग्नघरात शिरतो. मुलीकडचे समजतात हा मुलाकडचा, मुलाकडचे समजतात हा मुलीकडचा. पंगतीला बसतो, मग कोठीच्या किल्ल्या त्याच्याच हातात येतात, मानपानाचं भांडणही तोच मिटवतो, आणि शेवटी पाठवणीच्या वेळी सगळ्यांत मोठ्याने तोच रडतो. हौसेरावांनी तो पूर्वी मालनबरोबर साताऱ्याकडे एका जत्रेत, तंबूत पाहिला होता. मालन भलत्याच ठिकाणी हसायची. तिथे हसण्यासारखं काही आहे असं हौसेरावांना दिसायचं नाही, म्हणून ते कोपराने ढोसून म्हणायचे, "हळू. लोक बघत्यात."

केबलवर हा सिनेमा पुन्हा लागला, आणि पहिल्या वेळी हौसेराव सगळे हसतात तिथेच हसले. दुसऱ्या वेळी त्यांना दिसलं, की भटजी मंगलाष्टकं म्हणता म्हणता आचाऱ्याला भजी जास्त लाल झाल्याच्या खुणा करतोय. इथेच तर मालन हसली होती! त्या दिवसापासून हौसेराव तो सिनेमा पाहत नव्हते, मालनचं हसू शोधत होते. दरवेळी एखादं सापडायचं. सनईवाला रुसलेला असतो ते. वरबाप उलटी टोपी घालून हिंडतो ते. एकच सापडत नव्हतं. अगदी सुरुवातीला, विक्रेता मांडवाच्या दारात छत्री मिटून उभा असतो, अजून कथेत काहीच घडलेलं नसतं, तिथे मालन खुदकन हसली होती. का, ते हौसेरावांनी तेव्हा विचारलं नव्हतं.

पण केबलचा एक नियम होता. ज्या गावाच्या भातखाचरांवर हे सगळे सेक्टर उभे राहिले, त्या गावातला दिपेश केबल चालवायचा. तो दिवसभर वायरी घेऊन गच्च्यांवर असायचा, त्याची आई पुतळाबाई घरी फोन घ्यायची आणि कॅसेटी लावायची, सून कंप्युटरवर पट्टी टाईप करायची. एका घराने एक सिनेमा महिन्यात एकदाच मागायचा, हा दिपेशचा नियम. हौसेराव नियमाचे पक्के. एका घराला एकदाच म्हणजे एकदाच. तेव्हा दुसरं घर शोधणं भाग होतं, आणि ते समोरच होतं.

पहिले काही फोन त्यांनी शाळिग्राम म्हणून भारदस्त आवाजात केले. मग शाळिग्रामांचे मेहुणे आले, एक चुलते आले. पुतळाबाई चौकशी करायच्या, म्हणून हौसेरावांनाही तपशील द्यावे लागले. बंटीला सर्दी झाली, बंटीने पाटी फोडली. शेवटी त्याचा वाढदिवस आला आणि तिथेच गाडं रुळावरून घसरलं.

कारण पिवळी पट्टी खालच्या मजल्यावर शालनताईंनीही वाचली.

संध्याकाळी त्या वर आल्या. समोरच्या कुलपाकडे बघितलं, हौसेरावांची बेल वाजवली.

"वाढदिवस झाला म्हणे यांच्याकडे. खालच्या मजल्यावर माणसं राहतात, बोलवायची पद्धत असते की नाही?"

"कुणाकडं?" हौसेरावांचा चेहरा काट्यावरच्या वजनासारखा निर्विकार होता.

"शाळिग्रामांकडे! टीव्हीवर आलं. आणि दाराला तर कुलूप!"

"मग नसतील."

"नसतील कसे? दुपारभर माझ्या डोक्यावर पोरगं धावत होतं."

हौसेरावांना हे नवीन होतं.

तासाभरात प्रकरण सेक्रेटरींपर्यंत गेलं. ताजुद्दीन मुकादम तळमजल्यावर राहायचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचा व्यवसाय होता आणि सोसायटीही ते सळया मोजाव्यात तशीच चालवायचे. ते जिना चढून आले, कुलूप हलवून पाहिलं आणि गंभीर झाले.

"शाळिग्राम मस्कतला आहे. आणि मुख्य म्हणजे," त्यांनी आवाज उतरवला, "त्याचं लग्नच झालेलं नाही."

"अगंबाई! मग बंटी?"

"शालनताई, तसं नाही. कुणीतरी त्याच्या नावावर घुसलंय. बाहेरून कुलूप, मागच्या बाजूने ये-जा. सोसायटीची परवानगी नाही, काही नाही."

दिपेशला बोलावणं गेलं. तो मोटारसायकलवरून आला तो तापूनच. "काय बोलता! माझ्या वायरीवर फुकट? आणि वर फर्माईश? तरीच बोललो, दर आठवड्याला हाच पिक्चर कोन मागते!" तो गच्चीवर गेला, वायरी ओढून पाहिल्या आणि गोंधळून खाली आला. "त्या घरात वायरच नाय, साहेब."

"मग बघतात कशावर?"

शालनताईंच्या डोक्यात उजेड पडला. "बघत नाहीत. ऐकतात! हौसेरावांच्या टीव्हीचा आवाज मोठा असतो ना. भिंतीला कान लावून बसत असतील बिचारे."

त्या क्षणी खरं सांगणं सोपं होतं. हौसेरावांनी तोंड उघडलंही. पण तीन-तीन माणसं त्यांच्या दारात एकाच वेळी उभी आहेत, असं मालनच्या तेराव्यानंतर प्रथमच घडत होतं. त्यांनी उघडलेल्या तोंडाने विचारलं, "चहा टाकू का?"

चहा झाला, आणि चहाबरोबर ठराव झाला. समोरच्या दारावर लक्ष ठेवायचं काम हौसेरावांकडे. घरबसल्या माणूस, नजर काट्यावर तयार झालेली. सेक्रेटरी रोज येऊन अहवाल घेणार.

दुसऱ्या दिवशी ताजुद्दीन दारातूनच म्हणाले, "काही हालचाल?"

"नाही," हौसेराव म्हणाले. अहवाल संपला. ताजुद्दीन वळले, त्यांचा एक पाय पायरीवर गेलासुद्धा. हौसेराव त्या पायाकडे पाहत राहिले.

"तसं... कडी वाजल्यासारखी वाटली."

पाय परत आला. "कधी? आत येऊ?"

एवढ्यावर पुढचा सगळा व्यवहार बसला. हौसेरावांनी खोटं असं फार काही सांगितलं नाही. आज कडी, उद्या नळाचा आवाज, परवा फोडणीचा वास. फोडणी त्यांचीच होती, पण वास आला हे खरं. बाकीचं शालनताई भरून काढायच्या. त्यांच्या मते बंटीची आई सासुरवाशीण होती आणि मिक्सर फार वेळ चालवायची. दुपारी सगळेच दबा धरायला हौसेरावांकडे जमू लागले. टीव्ही मोठ्याने लावायचा, म्हणजे पलीकडचे भिंतीशी येतील, तेव्हा पकडायचं, अशी ताजुद्दीन यांची योजना. आणि पलीकडच्यांना आवडणारा सिनेमा एकच. तेव्हा सेक्रेटरींच्या सांगण्यावरून दिपेश आता नियम बाजूला ठेवून 'एक पाट जास्त' वरचेवर लावू लागला. हौसेराव कपाटातले जास्तीचे कप काढून धुवायला लागले.

पहिल्या दिवशी सगळे भिंतीकडे तोंड करून बसले होते. दोन-तीन बैठकांत तोंडं टीव्हीकडे झाली. कुलूपबंद माणसांना पकडायला आलेले ताजुद्दीन, वरबापाची टोपी उलटी आहे हे दिसल्यावर असे हसले की शालनताईंनी 'श्श! ऐकतील ते' म्हणून दटावलं.

एके दिवशी ताजुद्दीन यांच्या पत्नी आरिफा आल्या. नवरा रोज दुपारी दुकान सोडून तिसऱ्या मजल्यावर काय करतो, हे बघायला. दाराशी टेकून उभ्याच राहिल्या. सिनेमा नुकताच सुरू झाला होता. विक्रेता मांडवाच्या दारात छत्री मिटत होता.

आरिफा खुदकन हसल्या.

हौसेरावांनी हातातली बशी खाली ठेवली. "का हसला, वहिनी?"

"आता गं! त्या म्हातारीला ठाऊक आहे सगळं."

"कोणती म्हातारी?"

"कोपऱ्यात लसूण सोलत बसलीय ती. बघा ना, हा दारात भुकेला उभा, तर तिने पायाने पाट पुढे सरकवला. तोंडाने एक शब्द नाही."

दिपेश वायर लावायला आला होता, त्याला तिथूनच आईला फोन करायला लावला, आणि तिने कॅसेट मागे नेऊन तेवढाच भाग पुन्हा लावला. सगळ्या सेक्टरने तो माणूस दोनदा छत्री मिटताना पाहिला आणि केबलला शिव्या घातल्या. पण हौसेरावांना दिसलं. पडद्याच्या अगदी कडेला एक सुरकुतलेला पाय, आणि हळूच सरकणारा पाट. पुढे मग म्हातारी जागोजागी दिसू लागली. तो चुकीच्या नात्याने हाक मारतो तेव्हा ती मुद्दाम खोकते. पंगतीत त्याला वाढपी विसरतो तेव्हा ती डोळ्याने इशारा करते. विक्रेता कुणाचाच नाही, हे तिला पहिल्यापासून माहीत. सिनेमाभर ती काही बोलत नाही.

"इतक्या वेळा पाहून तुम्हाला नाही दिसलं, काका?" आरिफाने विचारलं.

"एकट्याला नाय दिसत, वहिनी," हौसेराव म्हणाले आणि कप गोळा करून आत गेले. नळ बराच वेळ चालू राहिला. शालनताईंनी तो आवाज बंटीच्या आईच्या खात्यावर टाकला.

पण ताजुद्दीन हसत असले तरी सेक्रेटरी होते. त्यांनी मस्कतला फोन लावला. वामन शाळिग्राम यांना सांगण्यात आलं की तुमच्या घरात तुमची बायको आणि मुलगा राहत आहेत. मग मस्कतहून प्रश्न आला, "दिसायला कशी आहे हो?"

"वामनराव, ती तुमची बायको नाही!"

"नाही, बरोबर आहे," वामनराव म्हणाले. आवाज जरा पडला होता. "तोडा कुलूप."

रविवारी चावीवाला आला. सगळी सोसायटी जिन्यावर. हौसेराव सर्वांच्या मागे, भिंतीला टेकून. त्यांना दोन भीती होत्या. एक, आत कुणी नाही हे दिसेल आणि लोक मागे वळून त्यांच्याकडे बघतील. दुसरी भीती पहिलीहून मोठी होती. आत कुणी नाही हे दिसेल, आणि लोक आपापल्या घरी जातील.

कुलूप पडलं. आतून कबुतरांचा थवा फडफडत अंगावर आला. जमिनीवर विष्ठेचा थर, कोपऱ्यात काटक्यांची घरटी, भिंतीवर जुनं कॅलेंडर, त्याचं पान कित्येक वर्षं कुणी उलटलंच नव्हतं. शालनताईंच्या डोक्यावर धावणारा बंटी खिडकीच्या फुटक्या काचेतून उडून गेला.

"पळाले!" शालनताई म्हणाल्या. मग नाकाला पदर लावून त्यांनी सगळं घर पाहिलं. "पण बाई काही टापटिपीची नव्हती हो. काय ही दशा!"

"खबर लागली असणार," ताजुद्दीन यांनी निष्कर्ष काढला. नवं कुलूप लागलं, प्रकरण मिटलं, हौसेरावांचे सेक्रेटरींनी जाहीर आभार मानले. कुणालाही संशय आला नाही. दुसऱ्या भीतीचं मात्र तंतोतंत खरं झालं. सगळे आपापल्या घरी गेले.

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारीही. ताजुद्दीन जिन्याखाली भेटले तेव्हा "काय माने, आता शांतता ना?" म्हणून गेले. हौसेराव वर आले, खोकले, आणि वरून तोच खोकला परत आला. जास्तीचे कप ओट्यावर पालथे होते. समोरच्या पाटीकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि आपल्याला चक्क बंटीची आठवण येतेय हे त्यांच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं वजनं केली, पण नसलेल्या पोराचं एवढं वजन असेल असं वाटलं नव्हतं.

फर्माईश करायचा धीर नव्हता. कोणत्या तोंडाने, आणि कोणत्या घराच्या नावाने करणार?

बुधवारी जेवणं झाल्यावर त्यांचाच फोन वाजला.

"कोन, शालिग्रामबाय का?" पुतळाबाई होत्या.

हौसेरावांचा हात सवयीने रुमालाकडे गेला.

"रुमाल ठेवा खाली. सरल बोला."

हौसेरावांनी रुमाल खाली ठेवला आणि ते सरळ बोलले. "कधी कळलं तुम्हाला?"

"पयल्याच दिसाला. मना दिसभर बायांचे फोन येतात. बाय फोन करते ना, ती आदी इचारते 'जेवलीस का', मग सिनेमाव येते. तुमी येकदम सिनेमाव. आनि तो चुलता, मेव्हना, सगले येकाच नाकातून बोलतात."

"मग बोलला का नाही?"

"त्या सिनेमातली म्हातारी बोलते का कदी?"

हौसेराव खुर्चीवर बसले. "तुम्हाला ती दिसली?"

"कॅसेट कोन लावते? मीच ना?" पुतळाबाई म्हणाल्या. मागे कुठेतरी कॅसेट गुंडाळल्याची घरघर येत होती. "पोरगा वायरीव, सून कंप्युटरव. बाकी लोकं 'लवकर लावा' सांगतात न् ठेवतात. तुमीच येक बंटीची खुशाली सांगायचे. इतके दिस फोन नाय, मना चैन नाय. सर्दी बरी झाली का त्याची?"

"ते गेले सगळे. सोडून गेले."

"बरा. मंग आज कुनाचा नाव टाकू?"

हौसेरावांनी समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. "माझंच टाका. हौसेराव माने."

"हौसेराव माने आनि परिवार."

"आवं, परिवार कुठाय?"

"तो टाकावाच लागते. कंप्युटर येकट्याचा नाव घेत नाय."

ही कंप्युटरची अडचण खरी की पुतळाबाईंची, हे हौसेरावांनी विचारलं नाही. जाता जाता त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलात का?" पलीकडे खोकल्याची ती जुनी उबळ आली.

सिनेमा लागला. 'फर्माईश : हौसेराव माने आणि परिवार, सहवास सोसायटी' अशी पट्टी एकदा गेली, दोनदा गेली. विक्रेता मांडवाच्या दारात येऊन उभा राहिला, आणि बेल वाजली.

दारात ताजुद्दीन, मागे शालनताई, त्यांच्या मागे आरिफा.

"माने, हे काय?" सेक्रेटरींचा आवाज कडक होता. "परिवार? सोसायटीच्या दप्तरी तुम्ही एकटे आहात. कोण आलंय राहायला? कमिटीला कळवायचं नाही?"

"मला सकाळपासून पोरगं धावल्यासारखं वाटतच होतं," शालनताई त्यांच्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाल्या.

'कुणी नाही' एवढं म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. ताजुद्दीन यांचा एक पाय अजून पायरीकडेच होता.

"सांगतो," हौसेराव म्हणाले, "पण उभ्यानं सांगण्यासारखं नाय. जरा लांबलचक हकिगत आहे. शाळिग्रामांपासून सुरू होते."

"शाळिग्राम?" पाय आत आला. शालनताई तर आधीच आत होत्या. आरिफाने टीव्ही पाहिला. "हाय अल्ला, सुरू झाला? म्हातारीचा पाट गेला का?"

"आत्ता येतोय, वहिनी. बसा."

हौसेरावांनी स्वयंपाकघरात जाऊन आधणात आणखी पाणी ओतलं. बाहेर आले तेव्हा सगळे पडद्याकडे पाहत होते आणि आरिफा अजून उभ्याच होत्या. हौसेराव काही बोलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल पायाने हळूच पुढे सरकवलं.